मॅरेथॉनचा सराव आणि वारंवार होणाऱ्या दुखापती

मॅरेथॉनच्या तयारीत शरीराच्या एकाच भागात, किंवा एकामागून एक निरनिराळ्या भागांत, पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या इजांना धावण्याच्या वारंवार होणाऱ्या दुखापती म्हणतात. या इजा बहुधा पडल्याने किंवा धडकल्याने होत नाहीत. हाड, कंडरा, स्नायू आणि सांधे यांवर पडणारा भार त्यांच्या सहनशक्तीपेक्षा अधिक वेगाने वाढला, म्हणजे त्या हळूहळू निर्माण होतात. वेदना थांबणे आणि ऊती पूर्ववत सक्षम होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांमधील अंतर लक्षात न घेता पूर्वीचाच सराव सुरू केल्यास दुखापत परतते. म्हणून अशा दुखापतींचा उपचार केवळ औषधाने किंवा विश्रांतीने पूर्ण होत नाही. सरावाच्या नियोजनात बदल करणे हा त्याचा अनिवार्य भाग असतो.

पार्श्वभूमी

१८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ४२.१९५ किलोमीटर ठेवण्यात आले व १९२१ मध्ये हेच अंतर प्रमाण म्हणून स्वीकारले गेले.

महाराष्ट्राचा या शर्यतीशी असलेला संबंध शतकाहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण धावपटूंची कामगिरी पाहून दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठविण्यास पुढाकार घेतला. या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळविला. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये, तर मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरते. या शर्यतींमुळे नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी व निवृत्त व्यक्ती मोठ्या संख्येने लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या. यांतील बहुतेकांना प्रशिक्षक किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ सहज उपलब्ध नसतो. त्यामुळे दुखापतीची कारणे स्वतः समजून घेणे त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाचे ठरते.

दुखापतींचे प्रमाण

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये पायांच्या दुखापतींचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १९.४ ते ७९.३ टक्के आढळले. एवढी तफावत पडण्याचे एक कारण म्हणजे दुखापतीची व्याख्या प्रत्येक अभ्यासात वेगळी असते. तथापि गुडघा हा सर्वाधिक दुखावणारा भाग आहे आणि पूर्वी झालेली दुखापत हा नव्या दुखापतीचा सर्वांत विश्वसनीय पूर्वसंकेत आहे, या दोन निष्कर्षांना अनेक अभ्यासांनी दुजोरा दिला आहे.

दुखापत का होते

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट प्रतिबल मिळते. एका किलोमीटरला साधारण हजार पावले धरली, तर मॅरेथॉनमध्ये चाळीस हजारांहून अधिक वेळा हा भार पायांवर पडतो. भार स्वतः हानिकारक नसतो. मर्यादित भार व पुरेशी विश्रांती मिळाल्यास ऊती अधिक बळकट होतात. सरावाचे तत्त्व यावरच आधारलेले आहे.

अडचण अशी, की सर्व ऊती एकाच वेगाने बळकट होत नाहीत. हृदय, रक्ताभिसरण व स्नायूंची कार्यक्षमता काही आठवड्यांत वाढते. कंडरांना त्यासाठी महिने लागतात. हाडांत भार वाढल्यावर प्रथम जुना भाग झिजवून काढला जातो व नंतर नवा भाग भरला जातो. या चक्राला तीन ते चार महिने लागतात आणि मधल्या काळात हाड तात्पुरते कमकुवत असते. परिणामी, सराव सुरू केल्यानंतर सहाव्या ते आठव्या आठवड्यात धावपटूला दम लागेनासा होतो, उत्साह वाढतो आणि तो अंतर वाढवितो. परंतु नडगीचे हाड किंवा टाचेमागची कंडरा त्या अंतरासाठी अद्याप तयार झालेली नसते. नवशिक्यांच्या अनेक दुखापती याच सुमारास दिसतात.

दुखापत परत का उद्भवते

दुखापतीच्या पुनरावृत्तीमागे पुढील कारणे प्रामुख्याने आढळतात.

१. अपूर्ण पुनर्वसन. विश्रांतीने वेदना शमते, पण विश्रांतीच्या काळात स्नायू व कंडरांची शक्ती आणखी घटते. तीन आठवड्यांनी धावपटू वेदनामुक्त असतो, मात्र दुखापतीपूर्वीपेक्षा दुर्बळ असतो.

२. बुडालेला सराव भरून काढण्याची घाई. शर्यतीची तारीख ठरलेली असल्याने धावपटू वेळापत्रकातील चुकलेले आठवडे गाळून पुढच्या आठवड्याचे अंतर धावू लागतो. अशा वेळी भारातील वाढ सर्वाधिक तीव्र असते.

३. चालीतील बदल. दुखरा पाय वाचविण्यासाठी शरीर नकळत दुसऱ्या पायावर किंवा दुसऱ्या सांध्यावर भार टाकते. टाच बरी होते व गुडघा दुखू लागतो, हा क्रम त्यामुळे घडतो.

४. मूळ कारण कायम राहणे. अपुरा आहार, अपुरी झोप, खुब्याच्या स्नायूंची दुर्बलता किंवा अयोग्य नियोजन यांत बदल न झाल्यास उपचार कितीही चांगले असले तरी परिणाम तात्पुरता राहतो.

प्रमुख दुखापती

गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना : पायऱ्या उतरताना, मांडी घालून बसल्यावर किंवा उतारावर धावताना वाटीच्या मागे दुखते. मांडीचे पुढचे स्नायू व खुब्याचे बाहेरचे स्नायू बळकट करणे हा यावरील मुख्य उपाय आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले, की वेग तोच ठेवून दर मिनिटातील पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढविल्यास, म्हणजे पाऊल थोडे आखूड टाकल्यास, गुडघा व खुबा यांवरील भार कमी होतो.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची वेदना : खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या जाड पट्ट्याशी ही वेदना संबंधित असते. ठरावीक अंतरानंतर ती सुरू होते व उतारावर वाढते.

नडगीची वेदना : नडगीच्या आतल्या कडेला पसरट दुखणे असते. सुरुवातीच्या काळात, कठीण रस्त्यावर एकदम अंतर वाढविल्याने ते होते. दुखणे एका बोटाने दाखविता येईल इतक्या लहान जागी एकवटले, तर हाडाला सूक्ष्म चीर पडल्याची शंका घ्यावी लागते.

टाचेमागच्या कंडरेचा विकार : सकाळी उठल्यावर पहिली पावले जड व दुखरी पडतात, चालल्यावर आखडलेपणा सैल होतो. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम त्यांनी बारा आठवडे, दिवसातून दोनदा केला व सर्व पंधरा जण धावण्याकडे परतू शकले. दुखऱ्या कंडरेला केवळ विश्रांती न देता मोजका भार द्यावा, हा विचार त्यानंतर दृढ झाला.

तळपायाची वेदना : टाचेच्या तळाशी, विशेषतः झोपेतून उठल्यावर, तीव्र दुखते. पोटऱ्या व तळपाय ताणण्याबरोबरच पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवून, एका दिवसाआड, सावकाश टाच उचलण्याचा व्यायाम उपयुक्त आढळला आहे.

ताणामुळे हाडाला पडणारी चीर : बोलीत हिला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. नडगी, तळपायाची लांब हाडे, घोट्यापुढील नौकाकृती हाड व मांडीच्या हाडाची मान येथे ती आढळते. पहिल्या काही आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. एमआरआय तपासणीत ती लवकर कळते. मांडीच्या हाडाच्या मानेतील चीर दुर्लक्षित राहिल्यास हाड पूर्ण मोडून सरकू शकते व शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून जांघेत किंवा खुब्यात खोलवर दुखत असताना धावणे धोक्याचे मानले जाते.

सरावाचे नियोजन

साप्ताहिक अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावपटूंमध्ये रूढ आहे. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर झालेल्या चाचणीत मात्र दहा टक्क्यांच्या नियमावर आधारलेल्या तेरा आठवड्यांच्या कार्यक्रमात दुखापतींचे प्रमाण २०.८ टक्के, तर नेहमीच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात २०.३ टक्के राहिले. म्हणजे फरक पडला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासाने या प्रश्नाला वेगळी दिशा दिली. आठवड्याच्या एकूण अंतरापेक्षा एखाद्या दिवशी धावलेले अंतर, मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेच्या तुलनेत दहा टक्क्यांहून अधिक असणे, हे दुखापतीशी अधिक निगडित आढळले. व्यवहारात याचा अर्थ असा : गेल्या महिन्यातील सर्वांत लांब धाव १२ किलोमीटर असेल, तर पुढची लांब धाव सुमारे १३ किलोमीटरवर थांबवावी, मित्रांसोबत उत्साहाने १८ किलोमीटर धावू नये.

वारंवार दुखापत होणाऱ्या धावपटूसाठी सर्वसाधारणपणे पुढील आखणी सुचविली जाते. आठवड्यातून सहाऐवजी तीन किंवा चार दिवस धावावे. उरलेल्या दिवशी सायकल, पोहणे किंवा चालणे यांनी दमश्वास टिकवावा. बहुतेक धावणे गप्पा मारता येतील अशा संथ गतीने करावे. अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे. शर्यतीपूर्वीच्या दोन ते तीन आठवड्यांत सराव टप्प्याटप्प्याने घटवावा. मॅरेथॉनसाठी किमान सोळा ते वीस आठवडे सर्वत्र सांगितले जातात. दुखापतींचा इतिहास असलेल्याने त्यापूर्वी काही महिने नियमित, कमी अंतराचा पाया घातलेला असावा.

आठवड्यातून दोन दिवस शक्तिवर्धक व्यायाम करणे हितावह आहे. एका पायावर टाचा उचलणे, बैठका, पायरीवर चढ-उतार, खुब्याच्या बाजूचे व्यायाम आणि पाठ-पोटाचे व्यायाम एवढे त्यासाठी पुरेसे असून साधनांची गरज नसते.

धावण्याकडे परतणे

दुखापतीनंतर परतण्याचा काळ दिवसांनी नव्हे, तर निकषांनी मोजला जातो. प्रथम अर्धा तास भरभर चालणे वेदनारहित व्हावे. नंतर दुखऱ्या पायावर वीसच्या आसपास टाचा उचलता याव्यात आणि त्याच पायावर लहान उड्या मारता याव्यात. त्यानंतर एक मिनिट धावणे व एक-दोन मिनिटे चालणे अशी आवर्तने एक दिवसाआड सुरू करावीत. आधी धावण्याचा वेळ, मग अंतर आणि सर्वांत शेवटी वेग व चढ वाढवावेत.

कंडरेच्या दुखण्यात थोडी वेदना चालू शकते. शून्य ते दहा अशा मापावर ती तीनच्या आत राहिली, धावताना वाढत गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आली, तर भार योग्य समजला जातो. हाडाच्या दुखापतीला ही सवलत लागू होत नाही. तेथे वेदना म्हणजे थांबण्याची सूचना असते.

सक्तीच्या विश्रांतीची भीती अनेकदा वास्तवापेक्षा मोठी असते. पहिल्या दहा-बारा दिवसांत दमश्वासात फारसा उतार पडत नाही आणि पर्यायी व्यायामाने तो आणखी काळ टिकविता येतो. अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांच्यावर १९८४ मध्ये राष्ट्रीय निवड चाचणीच्या १७ दिवस आधी गुडघ्याची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात त्यांनी हातांनी फिरविण्याच्या सायकलवर व्यायाम केला, चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. अनेक वर्षांचा पाया व तज्ज्ञ देखरेख असलेल्या खेळाडूचे हे उदाहरण घाईने परतण्याचे समर्थन ठरत नाही. न धावताही तयारी टिकू शकते, एवढे ते दाखविते. याउलट १९६७ मध्ये २ तास १० मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावणारे पहिले धावपटू, ऑस्ट्रेलियाचे डेरेक क्लेटन, यांना आठवड्याला दोनशे किलोमीटरहून अधिक धावण्याच्या कठोर पद्धतीमुळे कारकिर्दीत अनेक शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले.

आहार व विश्रांती

खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा राहिल्यास शरीर हाडांची दुरुस्ती, संप्रेरकांची निर्मिती व रोगप्रतिकार यांत काटकसर करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेविषयी स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे तिचे ठळक लक्षण असून ते सरावाचा स्वाभाविक परिणाम समजून सोडून देऊ नये. पुरुषांतही ही अवस्था आढळते. उपास करून लांब धावणे, किंवा वजन घटविणे आणि मॅरेथॉनची तयारी एकाच वेळी करणे, यांमुळे हाडांच्या दुखापतींचा धोका वाढतो.

कोकणच्या नेहमीच्या आहारात यासाठी लागणारे घटक उपलब्ध आहेत. १०० ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. काट्यांसह खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी कॅल्शियम व प्रथिने दोन्ही पुरविते. शाकाहारी व्यक्तींना डाळी, कडधान्ये, दूध व ताक यांतून प्रथिने मिळतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतात मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने हाडाची दुखापत वारंवार होत असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी.

रायगड जिल्ह्यातील सरावाची परिस्थिती

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते. तिच्या तयारीचा पाया घालण्याचा काळ जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका पावसाळा असतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या काळात रस्त्यांवर शेवाळ व खड्डे असतात आणि सखल भागात पाणी भरते. जुलै-ऑगस्टमध्ये सराव खंडित होतो व सप्टेंबरअखेरीस तो एकदम वाढविला जातो. त्यानंतर लगेच ऑक्टोबरचा उकाडा येतो. त्यामुळे पावसाळ्यात अंतर कमी झाले तरी धावणे पूर्ण बंद न करणे, घरातील शक्तिवर्धक व्यायाम चालू ठेवणे आणि ऑक्टोबरमध्ये गतीऐवजी वेळेवर भर देणे, हे या प्रदेशात विशेष महत्त्वाचे आहे.

शेतीच्या कामाचाही हिशेब सरावात धरावा लागतो. भातलावणीत तासन्‌तास वाकून चिखलात वावरणे आणि कापणीच्या दिवसांत भारे वाहणे यांचा ताण पोटऱ्या, कंबर व मांड्यांवर पडतो. अशा दिवशी वेळापत्रकातील लांब धाव पुढे ढकलणे योग्य ठरते.

भूप्रदेशानुसार भाराचे स्वरूप बदलते. सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पाली हे बल्लाळेश्वराचे स्थान सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूला आहे. गावालगतच्या सरसगडासारख्या चढणीवर पोटऱ्या व टाचेमागची कंडरा यांवर ताण येतो. उतरणीवर मांडीचे स्नायू व गुडघे अधिक काम करतात. म्हणून गुडघा दुखत असताना चढून चालत उतरणे सोयीचे ठरते. खोपोली किंवा वाकणच्या दिशेच्या रस्त्यांवर भल्या पहाटे वाहनांकडे तोंड करून धावणे सुरक्षित असते. मात्र रस्त्याच्या कडेला असणाऱ्या उतारामुळे एक पाय सतत खाली पडतो. रहदारी नसलेल्या गावरस्त्यावर बाजू बदलून धावल्यास हा असमतोल कमी होतो. अलिबाग, काशीद किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर मऊ वाळूत टाच खोल रुतते व कंडरेवरचा भार वाढतो. भरतीरेषेजवळची ओली घट्ट वाळू तुलनेने बरी असली, तरी तीही समुद्राकडे उतरती असते.

सर्वसाधारण गैरसमज

नवे बूट घेतले की दुखापत टळते, असा समज आहे. आरामदायक व सुस्थितीतील बूट आवश्यक असले तरी सरावातील चुकांची भरपाई ते करीत नाहीत. अनवाणी धावणे मुळातच सुरक्षित असते, हा विचार २०१० नंतर जगभर पसरला. बालपणापासून अनवाणी वावरणाऱ्याचे पाय त्या भाराला सरावलेले असतात; बुटांची सवय असणाऱ्याने एकाएकी ते सोडल्यास भार गुडघ्याकडून पोटरी व तळपायाकडे सरकतो आणि तेथे नवी दुखापत होऊ शकते.

वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची प्रथा धोक्याची आहे. गोळीने इजा बरी होत नाही, केवळ तिची सूचना दडपली जाते. शिवाय दीर्घ अंतर धावताना शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

वैद्यकीय सल्ला व माघार

एका बिंदूवर दाबल्यास दुखणे, रात्री किंवा विश्रांतीतही दुखणे, लंगडत चालावे लागणे, सांध्याला सूज येणे, पायात मुंग्या येणे, जांघेत खोल वेदना होणे किंवा दोन आठवडे भार कमी करूनही सुधारणा न होणे, यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. एकच दुखापत वर्षात दुसऱ्यांदा झाली असेल, तर सरावाची नोंदवही सोबत नेणे उपयोगी पडते. त्या वहीत तारीख, अंतर, झोप व दुखणे एवढ्या चार नोंदी असल्या, तरी भार नेमका कोठे वाढला हे बहुधा दिसून येते.

शर्यतीतून माघार घेण्याचा निर्णय प्रवेशशुल्क, प्रवास आणि सोबत्यांचा आग्रह यांमुळे अवघड होतो. म्हणून त्याचे निकष शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधीच ठरवून ठेवावेत, असा सल्ला दिला जातो. उदाहरणार्थ, तोपर्यंत २५ किलोमीटरची धाव लंगडल्याशिवाय पूर्ण झाली नाही, तर अर्धमॅरेथॉन धावावी किंवा त्या वर्षी थांबावे. मुंबई व पुण्याच्या शर्यती दरवर्षी भरतात. मांडीच्या हाडाची मान मोडल्यास मात्र पुढची अनेक वर्षे धावणे अशक्य होऊ शकते.